फ्रीज आवाज करणारच!

आमच्या भोर-वेल्ह्याकडे फ्रीजबद्दल दोन समजुती फार घट्ट बसल्या आहेत. पहिली, आवाज आला म्हणजे फ्रीज बिघडला. दुसरी, रात्री बंद ठेवला की मशीनला आराम मिळतो. दोन्ही चुकीच्या आहेत. नुसत्या चुकीच्या असत्या तर मी कीबोर्ड बडवत बसले नसते. लोक कशावरही विश्वास ठेवतात, ठेवोत बापडे. पण या दोन समजुतींपायी घरोघर पैसे जातात, दूध नासतं आणि काही घरांत तर औषध खराब होतं. म्हणून हा लेख. नातेवाईक मंडळींपैकी जे वाचतील त्यांनी रागावू नये, निम्मी उदाहरणं आपल्याच घरांतली आहेत. :)

(वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचं सरकारने २०२४ साली ठरवलं. चांगलंच झालं. पण जिभेला वेल्हे बसलंय, तेव्हा इथे तेच चालवून घ्या.)

आता ही तक्रार आमच्याकडेच एवढी का, ते आधी बघू. फ्रीज सिंहगड रोडवरच्या फ्लॅटमध्ये असतो तेव्हा तो कुणालाच ऐकू येत नाही. खाली रिक्षा, वर पंखा, शेजारी सीरियल. तोच फ्रीज पानशेतच्या वरच्या अंगाला एखाद्या वाडीत नेऊन ठेवा, रात्री दहानंतर तो गर्जना करायला लागतो. फ्रीज तोच असतो हो, भोवतीची शांतता वेगळी असते. त्यात गावच्या घरात फ्रीज स्वयंपाकघरात क्वचितच ठेवतात. तो असतो बाहेरच्या खोलीत, टीव्हीशेजारी, डोक्यावर विणलेला रुमाल आणि प्लास्टिकची फुलं घेऊन. आणि त्याच खोलीत म्हातारी माणसं झोपतात. मग सकाळी पुण्याला फोन येतो, "तुझा फ्रीज रातभर लई वरडतोय रे, कुणाला तरी पाठव."

इथेच सगळं बिनसतं. कारण पुण्यातला मुलगा फ्रीजचं काहीही न ऐकता फोनवरच म्हणतो, "मग रात्री बंद करत जा." किंवा म्हणतो, "मेकॅनिकला बोलव, पैसे मी पाठवतो." दोन्ही सल्ले वाईट.

मला सगळ्यात राग कशाचा येतो सांगू? आपल्या माणसांना कान नाहीत असं धरून चालण्याचा. अहो, आमच्याकडची माणसं आवाजावर जगतात! विहिरीवरची मोटार घरात बसून ऐकतात आणि "फुटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला, हवा ओढतेय" असं सांगतात. पिठाच्या गिरणीतला दाणा संपला की दगडाचा आवाज बदलतो, तो गिरणीवाल्याच्या आधी रांगेतल्या बाईला कळतो. कुकरच्या शिट्टीवरून आत पाणी आहे की नाही ते माझी आई दुसऱ्या खोलीतून ओळखते. ही माणसं फ्रीजपुढेच का बावरतात? कारण फ्रीज कुणी त्यांना समजावूनच दिलेला नाही. तो शोभेची वस्तू म्हणून आला. शोभेच्या वस्तूने आवाज केला की माणूस घाबरणारच.

तर समजून घेऊ. अवघड काही नाही.

फ्रीजच्या मागे खाली जो काळा, बंद गोळा असतो तो कॉम्प्रेसर. म्हणजे एक पंपच, मोटारीसकट सीलबंद. तो चालू असताना सलग घुमतो. आपली वीज सेकंदाला ५० फेरे घेते आणि त्या चुंबकाच्या ओढाताणीचा सूर त्याच्या दुप्पट, सेकंदाला १०० कंपनांचा निघतो. डीपीजवळ उभं राहिलं की जो "हूंऽऽ" ऐकू येतो, त्याचाच हा धाकटा भाऊ. हा आवाज म्हणजे फ्रीज काम करतोय. बस.

हवा तेवढा गारवा झाला की थर्मोस्टॅट "टक" करतो आणि कॉम्प्रेसर थांबतो. आतली मोटार स्प्रिंगांवर बसवलेली असते, त्यामुळे थांबताना ती एक हिसका देते. "धड" असा आवाज येतो, कधी वरची बरणीही किणकिणते. यालाच लोक "आत काहीतरी आपटलं" म्हणतात. आपटलेलं काही नसतं. बैलगाडी थांबताना जू हलतं, तसंच हे.

त्यानंतर येतो तो सगळ्यात बदनाम आवाज. फ्रीज बंद पडल्यासारखा शांत झाला आणि आतून "खळखळ... बुडबुड... स्सऽऽ" सुरू. पोटात पाणी झाल्यासारखं. कॉम्प्रेसर चालू असताना मागच्या नळ्यांमध्ये गॅस दाबाखाली असतो आणि आतल्या बाजूला कमी दाब असतो. दोन्हींच्या मध्ये केसासारखी बारीक नळी असते. पंप थांबला की जास्त दाबाकडचा गॅस, काही द्रव, काही वाफ, त्या नळीतून कमी दाबाकडे जातो आणि काही मिनिटांत दोन्ही बाजू सारख्या होतात. कालव्याचं दार उघडल्यावर पाणी खाली उतरतं तसं. त्याची ही खळखळ. म्हणजे हा आवाज आत गॅस असल्याची खूण आहे. आणि आमच्याकडे याच आवाजावर "गॅस संपला" म्हणून निदान होतं!

बाकीचेही सांगून टाकते. मधूनच "कट्", "तडक्" असं वाजतं, ते आतलं प्लास्टिक आणि धातू गारव्याने आकसतात आणि पुन्हा पसरतात म्हणून. पत्र्याचं छप्पर ऊन उतरल्यावर तडतडतं, कोण घाबरतं त्याला? दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये ठरावीक वेळांनी एक हीटर बर्फ वितळवतो, त्यावर थेंब पडून "चर्र" होतं आणि पाणी ठिबकत मागच्या ट्रेमध्ये जातं. त्याच फ्रीजमध्ये आत एक पंखा असतो, त्याची सळसळ येते आणि दार उघडलं की ती बहुधा थांबते. एका दाराच्या फ्रीजमध्ये बर्फ वितळवण्याचं बटण दाबलेलं असेल तर काम झाल्यावर ते आपोआप "टक" करून बाहेर येतं. आणि हल्लीचे इन्व्हर्टर कॉम्प्रेसरवाले फ्रीज पूर्ण थांबतातच कमी. वेग कमी-जास्त करत राहतात, म्हणून त्यांचा सूर बदलत राहतो. "आधीचा फ्रीज थांबायचा तरी, हा थांबतच नाही" ही तक्रार त्यामुळे येते. तो थांबत नाही कारण त्याची रचनाच तशी आहे.

आता त्या बदनाम खळखळीची किंमत सांगते. माझी एक आत्या भोर तालुक्यात राहते. तिच्या फ्रीजमधून संध्याकाळी बुडबुड यायला लागली (म्हणजे पूर्वीपासून यायचीच, तिचं लक्ष तेव्हा गेलं). एक मेकॅनिक आला, दोन मिनिटं कान लावल्यासारखं केलं आणि म्हणाला, "मावशी, गॅसचं पाणी झालंय. नवा भरावा लागेल." बावीसशे रुपये. दूध आदल्या दिवशीही टिकत होतं, बर्फही होत होता, ते त्याने विचारलंच नाही. गॅस भरल्यावर फ्रीज आधी होता तसाच गार आणि बुडबुड अजूनही तशीच. आत्याला वाटतं, थोडा गॅस उरला असेल आधीचा!

ही गोष्ट एकट्या आत्याची नाही. तेव्हा नीट ध्यानात घ्या. फ्रीजमधला गॅस खर्च होत नाही. तो काही सिलिंडरमधला गॅस नव्हे, जाळला आणि संपला. बंद नळ्यांमध्ये तोच तो फिरत राहतो, वीस वर्षं फिरला तरी तेवढाच. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे आणि गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. आणि खरंच कमी झाला तर आवाजाआधी गारवा सांगतो. फ्रीज सारखा चालतो, थांबत नाही, तरी आत गार होत नाही, खळखळही उलट कमी होते. आणखी एक. नव्या घरगुती फ्रीजमध्ये बहुतेक आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो सहसा शंभर ग्रॅमच्याही आत असतो, पण जळणारा असतो. शिकलेल्या माणसाला तो भरायचं अवघड नाही. पण गरज नसताना घरात कुणी नळी कापून ज्योत लावावी, हे मला तरी परवडणारं वाटत नाही.

चांगले मेकॅनिक नाहीत असं मी म्हणत नाही. आहेत, आणि त्यांना ओळखायची सोपी खूण आहे. चांगला मेकॅनिक आधी विचारतो, "दूध टिकतंय का? बर्फ होतोय का?" मग कॉम्प्रेसरला हात लावतो, व्होल्टेज बघतो, दाराचं रबर बघतो. जो आल्या आल्या गॅसचं नाव काढतो त्याला चहा पाजावा आणि वाटेला लावावं.

आता दुसरी समजूत, रात्री बंद ठेवण्याची. "माणसाला झोप लागते तशी मशीनलाही लागते." ऐकायला किती छान! पण फ्रीज दिवसातून कितीतरी वेळा स्वतःच थांबतो. थर्मोस्टॅट त्याच्यासाठीच आहे. आपण बटण बंद करून त्याला आराम देत नाही, सकाळी जास्त काम लावतो. रात्रभर आत शिरलेली सगळी उष्णता त्याला पहाटे एकदम बाहेर काढावी लागते. विजेची बचत म्हणाल तर एका दाराच्या लहान फ्रीजच्या स्टार लेबलवर वर्षाला दीडशे-दोनशे युनिटांच्या आसपास आकडा असतो. म्हणजे दिवसाला साधारण अर्धा युनिट. रात्रीच्या आठ तासांचा वाटा युनिटचा पाचवा-सहावा भाग. त्यातलंही बरंचसं सकाळी परत जातं. एक-दोन रुपयांसाठी एवढा खटाटोप!

आणि त्या एक-दोन रुपयांत काय पणाला लागतं ते बघा. दार न उघडता फ्रीज साधारण चार तास गारवा धरतो. रात्री दहा ते सकाळी सहा म्हणजे आठ तास. एप्रिल-मेमध्ये पहाटे आतलं दूध, शिल्लक भाजी, कुणाच्या घरी फ्रीजमधली मासळी, सगळं कोमट. तेवढ्या वेळात जंतूंनी आपला संसार वाढवलेला असतो. सकाळी पुन्हा गार झालं की वरून काही कळत नाही.

दुधाचं एक वेळ सोडा. गावोगाव आता मधुमेही आहेत आणि फ्रीजच्या दारात इन्सुलिन आहे. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं. वापरात असलेली बाटली फार उकाडा नसेल तर साधारण चार आठवडे बाहेरही चालते, पण पुण्याहून दोन-तीन महिन्यांचं एकदम आणून ठेवलेलं असतं त्याचं काय? रोज रात्री गरम, रोज सकाळी गार. औषधाचा रंग बदलत नाही, वास येत नाही, फक्त जोर कमी होत जातो. मग साखर का वाढली म्हणून डोस वाढवायचा, पथ्यावरून म्हाताऱ्याला बोलायचं. आणि दोष कुणाचा, तर रात्री आवाज नको म्हणून दाबलेल्या त्या बटणाचा. माझं सगळं भांडण इथे आहे. आवाजाची भीती ही नुसती भाबडी गोष्ट असती तर हसून सोडली असती.

"मग काय, कुठल्याच आवाजाकडे लक्ष द्यायचं नाही?" असं विचाराल. द्यायचं ना! पण ज्या आवाजाला खरंच घाबरायला हवं, त्याला आमच्याकडे कुणी घाबरत नाही. कारण तो फार मोठा नसतो.

तो आवाज असा. "हूंऽऽ" अशी जड घुमघुम, काही सेकंदांत "टक", मग शांतता. दोन-चार मिनिटांनी पुन्हा "हूंऽऽ... टक". आणि असंच चालू. याचा अर्थ कॉम्प्रेसर उठायचा प्रयत्न करतोय, उठता येत नाही, तापतोय, आणि त्याला जळण्यापासून वाचवणारा छोटा कटआउट दर वेळी वीज तोडतोय. आमच्याकडे याचं मोठं कारण कमी व्होल्टेज. घरात २३० व्होल्ट यायला हवेत. डीपीपासून लांबच्या शेवटच्या घरात, संध्याकाळी सगळ्यांच्या मोटारी चालू असताना, ते बरेच खाली येतात. मोटारीचा उठण्याचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतो. २३० चे १६० झाले तर जोर निम्म्याहूनही कमी उरतो. निम्म्या जोरात पोतं उचलायला सांगितलं तर माणूसही असाच "हूं" करून खाली बसेल.

दुसरं कारण पावसाळ्यातलं. तारेवर फांदी पडते, वीज जाते, लगेच येते, परत जाते. कॉम्प्रेसर थांबल्यावर दाब सारखा व्हायला काही मिनिटं लागतात हे वर सांगितलंच. त्याआधी वीज आली तर त्याला दाबाच्या विरुद्ध उठावं लागतं आणि पुन्हा तेच, "हूंऽऽ... टक". चांगल्या स्टॅबिलायझरमध्ये वीज आल्यावर तीनेक मिनिटं थांबण्याची सोय असते ती यासाठीच. लोकांना वाटतं स्टॅबिलायझर बिघडला, लगेच चालू होत नाही. अहो, तो बिचारा मुद्दाम थांबलाय! हल्ली जाहिरातीत "स्टॅबिलायझरची गरज नाही" असं लिहितात, त्याच्या जवळच बारीक अक्षरात किती ते किती व्होल्टपर्यंत, तेही लिहिलेलं असतं. तो आकडा आणि आपल्या घरी संध्याकाळी येणारा आकडा ताडून बघा. "हूं-टक" सुरू असेल तर फ्रीजचा प्लग काढा, व्होल्टेज तपासून घ्या आणि मग मेकॅनिकला बोलवा. इथे मेकॅनिक हवाच.

आणि खडखडाट? तो बहुतेक वेळा फ्रीजचा नसतोच, जमिनीचा असतो. सारवलेली किंवा शहाबादीची उंचसखल जमीन, एक पाय अधांतरी, मागची नळी भिंतीला टेकलेली, वर बरण्यांची रांग. पाय फिरवून समतोल करा, भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, वरचं सामान उतरवा. पैसे शून्य.

शेवटी विकणाऱ्यांबद्दल. "आम्ही पुस्तिकेत सगळं लिहिलेलं असतं", असं कंपन्या म्हणतील. असतं, नाकारत नाही. नेहमीचे आवाज म्हणून एक पान बहुतेक पुस्तिकांत असतं. पण आमच्या घरांत मी ज्या पुस्तिका पाहिल्या त्या इंग्रजीत, फार तर हिंदीत, आणि बारीक टाईपात. आणि दुकानात पोस्टरवर काय, तर "सायलेंट". ज्याला "सायलेंट" म्हणून विकला तो रात्री गुणगुणला की गिऱ्हाईक बिघडला म्हणणारच, त्यात गिऱ्हाइकाचं काय चुकलं? युरोपात २०२१ च्या मार्चपासून फ्रीजच्या नव्या लेबलवर आवाजाचा वर्गही छापतात. त्यातला सगळ्यात चांगला वर्गही ३० डेसिबलच्या आतला आहे, शून्याचा नाही. बिनआवाजी फ्रीज तिथेही नाही.

आणि गंमत बघा. नीरा ओलांडली की शिरवळ. तिथे गोदरेजचा फ्रीजचा कारखाना आहे, त्याच गोदरेजचा, ज्यांनी १९५८ साली भारतीय फ्रीज बनवायला सुरुवात केली. शिरूर तालुक्यात रांजणगावला एलजी आणि व्हर्लपूलचे कारखाने. म्हणजे देशातले कितीतरी फ्रीज आमच्याच मुलखात, मराठी बोलणाऱ्या हातांनी बनतात. मी कुठल्या एका कंपनीवर बोट ठेवत नाहीये, सगळ्यांनाच म्हणते आहे. फ्रीजच्या दारावर आतून चिकटवायचा एक मराठी कागद द्या. हे आवाज नेहमीचे, हा एक आवाज धोक्याचा, रात्री बंद करू नका, इन्सुलिन फ्रीझरमध्ये ठेवू नका. चार ओळी. स्टार लेबलाएवढी जागाही लागणार नाही.

तो कागद येईपर्यंत काम आपलं आहे. गावी आई-वडिलांना, काका-आत्यांना फ्रीज घेऊन देणारे आपणच. टेम्पोचं भाडं देतो, स्टॅबिलायझर मात्र "बघू नंतर" म्हणतो. पुढच्या खेपेला जाल तेव्हा एक संध्याकाळ त्या खोलीत टीव्ही बंद करून बसा. फ्रीज सुरू होईल, थांबेल, खळखळेल, तडकेल. प्रत्येक आवाजाला नाव द्या, त्यांच्या शब्दांत. त्यांनी मोटारीचे आवाज आपल्याला असेच शिकवले होते. आणि आवाजाने खरंच झोप मोडत असेल तर फ्रीज दुसऱ्या खोलीत हलवा, पण बटणाला हात लावू नका.

असो. फार लांबलं. ज्यांच्या घरी रात्री फ्रीज बंद होतो त्यांनी हे छापून घरी वाचून दाखवावं. आमच्या आत्याकडे एक प्रत जातेच आहे.